आपली पाठ कशाने वाकली?



गटाची बैठक संपते, वही बंद होते आणि उठायची वेळ येते. तेव्हा बघा, एकीचा हात गुडघ्यावर जातो, दुसरीचा कमरेवर, तिसरी भिंतीला धरून उठते. काय झालं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "काही नाही, वय झालं." साठीतली आजी असं म्हणते ते समजतं. पण पस्तिशीतली सूनबाईही तेच म्हणते. आम्ही गावोगावच्या बचत गटांत फिरणाऱ्या सहयोगिनी हे रोज ऐकतो. म्हणून आज या "वय झालं"चाच इतिहास सांगायचं ठरवलं आहे.

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या आठवतात. पण आपल्या अंगालाही इतिहास असतो. आपण वर्षानुवर्षं कसं बसलो, कसं वाकलो, कशावर काय उचललं, हे सगळं अंगात लिहिलं जातं. ते वाचता आलं तर कळतं की पाठ वाकण्यात वयाचा वाटा असतोच, पण कामाच्या पद्धतीचा वाटाही मोठा असतो. आणि वय कुणाला बदलता येत नाही, कामाची पद्धत मात्र बदलता येते. ती आजवर अनेकदा बदललेलीही आहे.

हाडं काय सांगतात

सीरिया देशात अबू हुरेरा नावाचं एक फार जुनं गाव होतं. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तिथली माणसं शेती करायला लागली होती. धरणाच्या पाण्याखाली जाण्याआधी, १९७० नंतरच्या वर्षांत, तिथं खोदकाम झालं आणि जुने सांगाडे सापडले. लंडनच्या संग्रहालयातल्या थिया मोलेसन या बाईंनी त्यांचा अभ्यास केला आणि १९९४ साली त्यावर लेख लिहिला. त्यांना दिसलं की कित्येक सांगाड्यांत पायाच्या अंगठ्याची हाडं झिजलेली आहेत, गुडघ्यांवर खुणा आहेत आणि कमरेचे शेवटचे मणके बिघडलेले आहेत. आणि असे सांगाडे बहुतेक बायांचे होते.

याचं कारण होतं दळण. खाली आडवा दगड, वर हातातला दगड, आपल्या पाटा-वरवंट्यासारखाच प्रकार. गुडघे टेकून, पायाची बोटं मागे दुमडून, अंग पुढे झोकत आणि मागे घेत रोज कितीतरी तास धान्य भरडायचं. त्या बायांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत. पण दळायचं काम कोण करत होतं, हे त्यांच्या हाडांनी सांगितलं.

आता दुसरं उदाहरण आपल्या जवळचं. लाहोरला शरीरशास्त्र शिकवणारे हॅव्हलॉक चार्ल्स नावाचे डॉक्टर होते. १८९३ च्या सुमारास त्यांनी पंजाबातल्या लोकांच्या पायांच्या हाडांवर लिहिलं. लहानपणापासून उकिडवं बसायची सवय असलेल्या माणसांच्या घोट्याच्या हाडांवर छोटे गुळगुळीत ठसे दिसतात, खुर्चीवर बसणाऱ्या युरोपियन लोकांत ते सहसा दिसत नाहीत, असं त्यांना आढळलं. हे ठसे म्हणजे आजार नव्हे. हाडाने सवयीशी जुळवून घेतल्याची ती खूण आहे.

ही दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा. उकिडवं बसणं, मांडी घालणं, वाकणं, यांत मुळात वाईट काही नाही. उलट ज्याला या वयातही सहज उकिडवं बसून उठता येतं त्याचे सांधे चांगले समजायचे. अपाय होतो तो एकच ठेवण तासन्‌तास, रोज, वर्षानुवर्षं, आणि वर जोर लावून टिकवण्याने.

अंगात नेमकं काय होतं

एक करून बघा. रिकामा हात खांद्याच्या रेषेत पुढे ताठ धरा. पहिलं मिनिट काही वाटणार नाही. नंतर खांदा भरून येईल, मग जळजळ होईल. हातात वजन काहीच नाही, तरी असं का? स्नायू काम करताना आवळतो आणि सुटतो. सुटला की त्यात रक्त येतं. तो आवळलेलाच राहिला तर रक्त नीट फिरत नाही आणि स्नायू दमतो. म्हणून शंभर वेळा हात हलवण्यापेक्षा एका जागी धरून ठेवणं जड जातं. मान खाली घालून चार तास सुई चालवणारीच्या मानेचे स्नायू असेच आवळलेले असतात.

डोक्याचं वजन असतं पाच किलोच्या आसपास. भरलेली पिशवी अंगाशी धरली तर हलकी वाटते, हात लांब करून धरली तर तीच जड होते. डोकं मानेवर सरळ असेल तर भार कण्यावर जातो. ते पुढे झुकलं की मागच्या स्नायूंना ते ओढून धरावं लागतं.

दुसरी गोष्ट लांबीची. स्नायू फार काळ आखडलेल्या अवस्थेत राहिला तर तो हळूहळू त्याच लांबीशी जुळवून घेतो. पुढे वाकून बसणारीच्या छातीचे आणि जांघेचे स्नायू आखडतात, पाठीचे स्नायू ताणून ताणून कमजोर पडतात. मग सरळ उभं राहायचं म्हटलं तरी अंग पुढे ओढलं जातं. आणि मणक्यांच्या मधल्या गाद्या? मोठ्या माणसाच्या त्या गाद्यांना स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. आपण हललो की त्या दाबल्या जातात, सुटतात आणि तेव्हा त्यांना आतून पोषण मिळतं. म्हणजे हालचाल हेच त्यांचं जेवण.

मांडीच्या पुढच्या बाजूने तिरका जाणारा एक लांब स्नायू आहे, कमरेच्या हाडापासून गुडघ्याच्या आतल्या बाजूपर्यंत. शरीरातला तो सर्वांत लांब स्नायू. मांडी घालायला तो उपयोगी पडतो. डॉक्टरांच्या पुस्तकात त्याचं नाव आहे सार्टोरियस, म्हणजे शिंप्याचा स्नायू. जुन्या काळी युरोपातले शिंपी दिवसभर मांडी घालून शिवत बसायचे, त्यावरून हे नाव पडलं.

इटलीतले एक डॉक्टर बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर पहिलं मोठं पुस्तक लिहिलं. बसून काम करणारे शिंपी आणि चांभार कसे वाकतात, त्यांचे पाय कसे बधिर होतात, हे त्यांनी नोंदवलं. डॉक्टरने रोग्याला आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता: तुझा धंदा काय? आज सव्वातीनशे वर्षांनीही आपण दवाखान्यात जातो तेव्हा हा प्रश्न विचारला जाईलच असं नाही. विचारला नाही तर आपण होऊन सांगावं: रोवणी करते, पापड लाटते, मशीन चालवते, दिवसाचे इतके तास.

नागपूरची गिरणी

आता आपल्या नागपुरात येऊ. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. विदर्भाचा कापूस, रेल्वेची सोय आणि जवळपासच्या गावांतले मजूर, यांवर गिरणी उभी राहिली. गावातली माणसं शहरात आली. शेतात माणूस वाकतो, उठतो, चालतो, बांधावर टेकतो. गिरणीत यंत्र चालतं तोवर माणसाने त्याच्यापुढे उभं राहायचं. दमल्यावर यंत्र थांबत नाही.

त्यामुळे पहिली भांडणं तासांची झाली. १८९१ च्या कायद्याने कारखान्यातल्या बायांचं काम दिवसाला जास्तीत जास्त ११ तासांवर आणलं. बाराही महिने चालणाऱ्या कारखान्यांत ते १९३४ च्या कायद्याने १० तासांवर आलं. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाना कायदा झाला, त्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली. त्याच कायद्याच्या ४४ व्या कलमात लिहिलं गेलं की ज्यांना उभ्याने काम करावं लागतं त्यांच्यासाठी बसायची सोय असली पाहिजे, म्हणजे संधी मिळेल तेव्हा त्यांना टेकता येईल. नागपूरची पहिली गिरणी सुरू झाल्यापासून हे कलम येईपर्यंत ७१ वर्षं गेली होती. एका साध्या बाकासाठी.

शहरात रेल्वे आली तरी सगळं ओझं रेल्वेने वाहिलं नाही. उमरेडला १८९२ साली जन्मलेल्या जाईबाई चौधरी लग्नानंतर नागपूर आणि कामठी स्टेशनांच्या दरम्यान हमाली करत होत्या, डोक्यावर ओझं घेऊन पायी. एका मिशनरी बाईने त्यांना पाहिलं, शिकवलं, शाळेत काम दिलं. त्या अस्पृश्य समाजातल्या म्हणून लोकांनी त्या शाळेवर बहिष्कार टाकला, काम सुटलं. पण जाईबाई पुन्हा ओझ्याकडे वळल्या नाहीत. त्यांनी नागपुरात संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. पुढच्या पिढीच्या मुलींच्या डोक्यावरचं ओझं कसं उतरवायचं, याचा तो एक रस्ता होता.

कामठीच्या विड्या

गिरणीत उभं राहून पाय भरायचे, विडीच्या कामात बसून पाठ. कामठी, रामटेक, भंडारा, गोंदिया हा सगळा तेंदूपत्त्याचा आणि विडीचा मुलूख. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या आजीने विड्या वळल्या असतील. मांडीवर सूप, सुपात कापलेलं पान आणि तंबाखू, मान खाली, दोन्ही हातांची बोटं सारखी चालू. मजुरी हजार विड्यांमागे. हजार भरल्याशिवाय बाई उठत नाही, कारण उठली तर आकडा भरत नाही.

इंग्रज सरकारने १९२९ साली कामगारांची स्थिती पाहायला एक शाही आयोग नेमला. त्याचा अहवाल १९३१ साली आला. विड्या वळायच्या जागांबद्दल त्यात लिहिलं आहे की लहानशा, हवा नसलेल्या, बऱ्याचदा खिडकीही नसलेल्या खोल्यांत माणसं इतकी दाटून बसवलेली असतात की त्यांच्यामधून वाट काढायलाही जेमतेम जागा उरते. म्हणजे पाय लांब करायची सोयच नाही. १९३७ साली मध्य प्रांतात, म्हणजे आपल्याच प्रांतात, विडी, लाख आणि चामड्याच्या अशा जागांसाठी वेगळा कायदा झाला.

याच काळात कामठीत एक तरुण विडी कामगारांना एकत्र करत होता. बाबू हरदास. जन्म १९०४, कामठीचाच. "जय भीम" हे अभिवादन रुजवणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. १९३७ साली ते प्रांताच्या विधिमंडळावर निवडून गेले आणि १९३९ च्या जानेवारीत, वयाच्या ३५ व्या वर्षी गेले. त्यांचं एक काम फारसं सांगितलं जात नाही. ठेकेदाराच्या पिळवणुकीतून सुटण्यासाठी त्यांनी विडीचं काम सहकारावर सुरू केलं होतं. वळणाऱ्यांनीच एकत्र येऊन काम घ्यायचं आणि चालवायचं. मैत्रिणींनो, आपल्या गटाच्या कितीतरी आधी आपल्याच जिल्ह्यात हा विचार होऊन गेला आहे.

पुढे १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांसाठी देशभराचा कायदा झाला. त्यात हवा, स्वच्छता, दाटी यांचे नियम आले. पण ते नियम कामाच्या जागेसाठी होते. विड्यांचं काम मात्र घराघरांत गेलं होतं आणि आणखी जात राहिलं. घरच्या ओसरीत किती उजेड आहे, बाई किती तास मान घालून बसली आहे, हे बघायला कुणी येत नाही. घरबसल्या काम म्हणून बाईलाही ते सोयीचं वाटलं. मूल जवळ राहतं, चुलीवर लक्ष राहतं. पण कायद्याची नजर दाराबाहेरच थांबली.

वर्ध्याचा चरखा

आता असं उदाहरण सांगतो ज्यात अवजार बनवायच्या आधीच बाईच्या अंगाचा विचार झाला होता. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने चांगला चरखा बनवणाऱ्याला एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या काळचे एक लाख! अटी कडक होत्या. चरखा हलका हवा, किंमत दीडशे रुपयांवर जाता कामा नये, खेड्यातल्या घरात मावला पाहिजे. आणि एक अट अशी, की बाईला तो फार शीण न होता सलग आठ तास चालवता आला पाहिजे.

या अटीकडे नीट बघा. "बाईने सवय करून घ्यावी" असं कुणी म्हटलं नाही. यंत्र बाईला जुळलं पाहिजे, असं म्हटलं. सगळ्या अटी पूर्ण करणारा चरखा कुणालाच जमला नाही, बक्षीस तसंच राहिलं. पण त्या शोधातून पायाने चालवायचा मगन चरखा पुढे आला. पायाने चाक फिरायचं म्हणून दोन्ही हात मोकळे राहायचे. मगनलाल गांधींचं नाव त्याला दिलं होतं. वर्ध्याचं मगन संग्रहालयही त्यांच्याच नावाचं, १९३८ चं. नागपूरहून सहल काढायला सोपं आहे, गटाने एकदा जरूर जावं.

आणखी एक गोष्ट वर्ध्यातलीच. १९३५ साली चरखा संघाने ठरवलं की कातणारीची मजुरी बाजारभावावर सोडायची नाही, आठ तासांच्या चांगल्या कामाला पोटापुरतं मिळेल असा हिशेब धरायचा. याचा पाठीशी काय संबंध? फार मोठा संबंध आहे. दर कमी असला की बाई तास वाढवते. तास वाढले की एकाच जागी बसणं वाढतं. बसणं वाढलं की पाठ जाते. पाठीचं औषध मलमाच्या डबीत असतं तसं मजुरीच्या दरातही असतं.

वावरातला विळा आणि डवरा

आता आपल्या वावरात बघू. कपाशीत तण काढायचे दोन प्रकार. डवरणी आणि निंदण. डवरा गडीमाणूस बैलामागे उभ्याने हाकतो. निंदण बाई विळा घेऊन, उकिडवी बसून, सरकत सरकत करते. काम एकच, तण काढायचं. पण उभं राहून करायचं अवजार पुरुषाच्या हाती आलं आणि वाकून करायचं बाईच्या. बहुतेक ठिकाणी मजुरीही तिचीच कमी. मौदा, रामटेककडच्या रोवणीतही तेच. चिखल करायचं काम यंत्राने होतं, पऱ्हे लावायला बाया कमरेत वाकून दिवसभर मागे मागे सरकतात.

असाच प्रश्न अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या शेतांत होता. तिथल्या मजुरांना, त्यात बरेच मेक्सिकोतून आलेले, अगदी आखूड दांड्याचं कुदळं दिलं जायचं. त्याने काम करायचं तर दिवसभर कमरेत दुमडून राहावं लागे. मालक म्हणायचे, लांब दांड्याने काम नीट होत नाही, रोपं कापली जातात. आखूड दांड्याचा आणखी एक फायदा त्यांना होता: कोण पाठ सरळ करून उभं आहे ते मुकादमाला लांबूनच दिसायचं. मजुरांनी तक्रार केली, डॉक्टरांनी साक्षी दिल्या, भांडण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७५ साली त्या कुदळ्यावर बंदी आली. लांब दांड्याने भाजी पिकली नाही असं काही झालं नाही. तिथली शेतं आधीसारखीच पिकत राहिली, फक्त दांडा लांब झाला.

दुकानात उभ्याने काम करणाऱ्या मुलींचंही असंच. इंग्लंडमध्ये १८९९ साली कायदा झाला की दुकानात तीन बायांमागे निदान एक बैठक हवी. आपल्या देशात केरळातल्या कोझिकोडला कापड दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायांनी शिवणकाम करणाऱ्या विजी यांच्या पुढाकाराने संघटना केली, वर्षानुवर्षं मागणी लावून धरली आणि २०१८ साली केरळात बसायचा हक्क कायद्यात आला. २०२१ साली तमिळनाडूतही आला.

गटात मालक कोण?

हे सगळं एकत्र धरलं तर एक गोष्ट दिसते. पाठ वाकवणारं अवजार, जागा, तास आणि दर हे नेहमी कुणीतरी दुसऱ्याने ठरवलेले होते. गिरणीत मालकाने, विडीत ठेकेदाराने, वावरात शेतमालकाने. ते बदलायला भांडावं लागलं आणि फार वर्षं लागली.

पण बचत गटात मालक कोण? आपणच. पापडाची ऑर्डर आपण घेतो, गणवेशाच्या शिलाईचा दर आपण लावतो, कुणी कुठे बसायचं ते आपण ठरवतो. मग आपण काय करतो? लग्नसराईची ऑर्डर आली की सकाळी आठला पोळपाट घेऊन जमिनीवर बसतो ते अंधार पडेपर्यंत. दर नगावर लावतो, म्हणजे जी उठेल तिचं नुकसान. जुन्या ठेकेदाराचीच रीत आपल्या घरात आली, फक्त ठेकेदार दिसत नाही.

बदल फार खर्चाचे नाहीत. लाटायचा ओटा किंवा टेबल कोपराच्या उंचीला थोडं खाली असावं, म्हणजे कमरेत वाकावं लागत नाही. उंच बाई आणि ठेंगणी बाई एकाच टेबलाशी असतील तर ठेंगणीच्या पायाखाली फळी द्या. उभ्याने काम असेल तर जवळ स्टूल हवंच. शिलाई मशीनवर स्टूलाची उंची अशी हवी की पाय सहज पायट्यावर टेकतील आणि मान घालायला लागणार नाही. उजेड समोरून किंवा बाजूने येऊ द्या. डोळ्याला दिसत नसलं की माणूस आपोआप वाकतो, म्हणून चाळिशीचा चष्मा हाही पाठीचाच इलाज आहे.

काम आलटून पालटून करा. एकीने दिवसभर लाटायचं आणि दुसरीने दिवसभर वाळवायचं, असं नको. लाटणारीने तासाभराने वाळवायला उठावं, वाळवणारीने बसावं. अर्ध्या तासाने दोन मिनिटं उठून हात वर, पाठ मागे, चार पावलं. आणि ही दोन मिनिटं दरात धरा. तासाचा हिशेब लावून नगाचा दर काढताना विश्रांती आधीच मोजली तर उठणारीचं नुकसान होत नाही.

निंदणासाठी सायकल डवऱ्यासारखं उभ्याने ढकलायचं अवजार गटाने एक घेऊन भाड्याने फिरवता येतं. ओळीत चालेल तेवढं त्याने करायचं, रोपाजवळचं तेवढं विळ्याने. उकिडवं बसून पायाच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या आल्या, पाऊल उचलायला जड वाटलं, तर लगेच उठा. गुडघ्याजवळची नस दाबली गेल्याची ती खूण असते.

एक सावधगिरीही सांगतो. प्रत्येक दुखणं कामाचंच असतं असंही नाही. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात, साध्या धक्क्याने मणका दबतो आणि उंची कमी होते. मणक्याला टीबीही होतो. पाठदुखीबरोबर ताप येत असेल, वजन घटत असेल, रात्री झोप मोडत असेल, पायातली ताकद जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर मलम लावत बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, गरज पडली तर नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात जा. आणि तिथं रामाझिनींचं उत्तर तयार ठेवा: आपलं काम काय आणि रोज किती तास.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीच्या अजेंड्यावर कर्ज आणि हप्त्याच्या खाली एक विषय लिहा. गटातली प्रत्येक जण रोज कोणत्या कामाला किती तास एका जागी बसते, वाकते किंवा उभी राहते, एवढंच वहीत एका पानावर उतरवा. ज्या कामाचे तास सर्वांत जास्त निघतील, त्याचं अवजार, उंची किंवा दर आधी बदला. पुढच्या महिन्यात पुन्हा ते पान उघडा आणि काय फरक पडला ते एकमेकींना विचारा.